मार्गाची ओटी

निमोण्यातल्या त्या खोलीला दार एकच, आणि दारात आप्पा बसलेले. शितलला बाहेर जायचं तर बापाला ओलांडून जावं लागलं असतं.

खाटेवर मार्गा. नॉर्वेची. एका संस्थेमार्फत ती शितलच्या शाळेचा खर्च पहिलीपासून उचलत होती. गणपती झाले की शिरूर-दौंडकडची अशी घरं बघत फिरायची, मुक्काम मात्र इथेच. आता शितलचा पुण्यात नर्सिंगला नंबर लागला होता. मार्गा तयार होती. आप्पांनी फक्त हो म्हणायचं.

आप्पा नाही म्हणाले.

कारण?

कारण मागच्या वर्षीची ओटी. निघताना धुरपदाने, शितलच्या आईने, मार्गाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळ-तांदूळ तिच्या ओढणीत घातले. इथवर ठीक. पण मार्गाला रडू फुटलं. तिची आई लहानपणीच गेलेली. धुरपदाला राहवेना. तिने मार्गाचे गाल कुरवाळले आणि अख्ख्या आळीदेखत सांगून टाकलं की आजपासनं तू माझी लेक. साठीची लेक, पंचेचाळिशीची आई. आळी हसली.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी ते खरं धरलं. दिवाळीला लेकीसाठी लुगडं आणलं, ते अजून पेटीत आहे.

आणि लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं. थोरली नीलम दौंडला दिली, तिच्या घरी आप्पा पाणीसुद्धा पीत नाहीत. स्टेशनवरच चहा पिऊन जातात.

शितलने सगळं करून पाहिलं. रडून. उपाशी राहून. सरपंचांना आणून. सरपंचांनी समजावलं की आप्पा, ती परदेशी बाई, तिला कुठलं आलंय माहेर.

"बाई कुठली का असंना," आप्पा म्हणाले, "वटी भरलीया."

झालं.

आता मार्गाने विचारलं, सगळे गप्प का? संस्थेच्या तेजश्री मॅडम इकडचं तिकडे, मराठीचं इंग्रजी करून सांगायच्या. त्यांनी हसून सांगितलं, आनंदाने गप्प आहेत. तेवढं इंग्रजी शितलला येत होतं.

आनंदाने.

पंखा फिरत होता, आनंदाने.

आई चुलीकडे तोंड करून बसली होती.

शितल उठली. दाराकडे नाही, खाटेकडे गेली. जमिनीवर बसली आणि मार्गाच्या मांडीवर, तिथल्या ओढणीत, जिथे मागच्या वर्षी नारळ पडला होता तिथे, डोकं ठेवलं.

"आये, मला हिच्या वटीत घाल. मंग मी हिची लेक. आईनं लेकीला शिकवलं तर आप्पांना काय अडचण हाय?"

धुरपदाने आप्पांकडे पाहिलं. आप्पा बाहेर अंगणाकडे बघत राहिले.

"मंग हितलं तुझं काय ऱ्हायलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "सुट्टीला येत जा. आजोळाला येत्यात तशी."

"व्हय."

आईने डब्यातून मूठभर तांदूळ आणले. शितलच्या केसांत पडले त्याहून जास्त वाटेतच सांडले.

मार्गाने विचारलं, हे काय चाललंय? तेजश्री मॅडमनी सांगितलं, ती तुमचे आभार मानतेय. मार्गाचे डोळे भरून आले. तिने शितलला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

आप्पा उठले, चपला घालून अंगणात गेले. दार मोकळं झालं.

शितलला त्यांच्यामागे जायचं होतं. मार्गा सोडेना.