सतरा नंबरचा मालक

काकांनी संगणकावर आज्ञा टाइप केली, एकदा वाचली आणि एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर क्षणभर काहीच हललं नाही. मग एक ओळ उमटली: सतरा नंबर बंद. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, शेजारच्या वहीत सोमवारची तारीख घातली आणि ‘मालक’ या रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’.

लिहिताना त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत वहीत खोटं लिहायची ही पहिलीच वेळ होती.

खोलीत त्यांच्याखेरीज कोणी नव्हतं, एरवीही नसायचं. काचेपलीकडे एक लोखंडी कपाट दिवसभर घोंघावत असे आणि त्याच्या पोटात एक्केचाळीस मशीनं होती. म्हणजे हात लावता येईल असं मशीन एकच, ते कपाट. ती एक्केचाळीस म्हणजे त्याच्या आत नुसते मानलेले संगणक. एक हजेरी घ्यायचं, एक पत्रं पाठवायचं, एक पाहुण्यांचे पास छापायचं, आणि प्रत्येकाची समजूत अशी की आपलं घर स्वतंत्र आहे. त्यांना उठवायचं, निजवायचं, पुसून टाकायचं ते इथे बसून, एकेका ओळीची आज्ञा देऊन. खरं तर आज्ञाही मशीनला जात नसे. ती जायची पाठीमागे सतत चालणाऱ्या एका प्रोग्रॅमला, आणि पुढचं सगळं तो बघायचा. ते त्याला राखणदार म्हणत. राखणदार कधी दिसत नसे, आपण होऊन बोलत नसे, आणि तो आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. ऑफिसातले सगळे ज्यांना काका म्हणत, त्या काकांचंही यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

दाराशी मॅडम उभ्या होत्या. वयाने काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुद्द्याने वरच्या. त्यामुळे त्या काकाही म्हणायच्या आणि घड्याळही दाखवायच्या.

“काका, शुक्रवारी हे कपाट हलतंय. सगळी मशीनं नव्या जागी गेली?”

“चाळीस गेली.”

“आणि उरलेलं?”

“सतरा नंबर. कोणाचं आहे, नोंद नाही.”

“मग?”

“बंद करून ठेवलंय. कोणी ओरडलं तर कळेल.”

ही त्या खात्याची जुनी रीत होती. बेवारस मशीन सापडलं की विचारत फिरायचं नाही. कोणी कबूल होत नाही. गुपचूप बंद करायचं आणि वाट बघायची. ज्याचं असेल तो बोंब मारत येतो. चार दिवसांत कोणी आलं नाही, तर ते कोणालाच नको होतं असं समजून पुसून टाकायचं. काकांनी आजवर अशी पन्नासेक मशीनं निकालात काढली होती आणि एकदाही त्यांचा हात अडखळला नव्हता.

सतरा नंबर त्यांचं स्वतःचं होतं.

बायको गेली त्या वर्षी मुलीने बजावलं होतं, “रोज सकाळी आठच्या आत मला एक मेसेज. नाहीतर माझं कामात लक्ष लागत नाही.” मुलगी लांबच्या शहरात, विमानाने तीन तासांवर. काकांनी दोन महिने इमानेइतबारे मेसेज पाठवले. मग दोनदा विसरले. दुसऱ्या खेपेला तिने शेजाऱ्यांना दार ठोठावायला लावलं. काका अंगाला साबण लागलेला, टॉवेल गुंडाळून दारात आले, तेव्हा जिन्यात सहा माणसं उभी होती. अशी शोभा पुन्हा नको म्हणून त्यांनी एक छोटं मशीन उभं केलं. सात वारांना सात वाक्यं. सोमवारी ‘उठलो, चहा झाला’, मंगळवारी ‘झोप छान लागली’, गुरुवारी ‘फिरून आलो’, शनिवारी ‘झाडांना पाणी घातलं’. माणसाने पाठवल्यासारखं वाटावं म्हणून वेळ रोज पाच-दहा मिनिटं मागेपुढे. मेसेज ऑफिसातून सुटायचा, काकांच्या नावाने तिच्याकडे जायचा, आणि काकांच्या फोनवर फक्त तिचं उत्तर यायचं: ‘बरं बाबा. काळजी घ्या.’

चार वर्षं झाली याला. आधी ती दर रविवारी फोन करायची, मग एक रविवार सोडून, मग रविवारही सुटले. दोन वर्षांपूर्वी काकांच्या ऑपरेशनला ती आठवडाभर येऊन राहिली, ते शेवटचं. रोजची खुशाली कळतेच आहे, तर वेगळं काय बोलणार? हा खड्डा आपणच खणला हे काकांना कळत होतं. बुजवायचा कसा, ते कळत नव्हतं. आता कपाट हलायच्या निमित्ताने त्यांच्या मनाने घेतलं, की आपल्यासाठी कोणी ओरडतं का, तेही एकदा बघावं.

मंगळवारी ते सातलाच फोन घेऊन स्वयंपाकघरात बसले. आज मेसेज जाणार नव्हता. आठ वाजले की ती घाबरेल, फोन करेल. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. उगाचच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सात एक्केचाळीसला फोन थरथरला. ‘बरं बाबा. काळजी घ्या.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. कशाला बरं? आपण तर काही म्हटलंच नाही. चहावर साय धरली तरी ते तसेच बसून होते. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी याच धंद्यातली, हे काम त्यांच्याकडूनच शिकलेली. तिनेही उत्तर द्यायला एक मशीन बसवलं असणार. इकडून काही येवो न येवो, तिकडून ‘काळजी घ्या’. म्हणजे चार वर्षं दोन मशीनं एकमेकांची खुशाली विचारत होती आणि माणसं खुशाल घोरत होती. मुलगी कोणाची, असं म्हणून ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

बुधवारी उत्तर आलं. गुरुवारीही आलं. शुक्रवारी त्यांनी फोन बघितलाच नाही. ऑफिसात ते चार दिवस कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते. अर्थात तिथे हे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मॅडम आल्या, मागे कपाट उचलणारे दोघे.

“काका, सतरा नंबर? ओरडलं का कोणी?”

“नाही.”

“मग उडवा.”

त्यांनी पुसायची आज्ञा दिली. पडद्यावर ओळ आली: पुसता येत नाही, मशीन चालू आहे.

“चालू कसं?” मॅडम म्हणाल्या. “बंद केलं होतंत ना?”

काकांनी राखणदाराच्या नोंदी उघडल्या. सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी सतरा बंद. चार वाजून वीस मिनिटांनी सतरा पडलेलं दिसलं, उठवलं. चार वर्षांपूर्वी त्यांनीच सांगून ठेवलं होतं: काहीही होऊ दे, हे मशीन दर दहा मिनिटांनी बघायचं आणि आडवं दिसलं की उभं करायचं. बाकी चाळिसांपैकी एकाचेही असे लाड नव्हते. सांगितलं आणि ते विसरून गेले. राखणदार विसरला नव्हता. मंगळवारी ‘झोप छान लागली’ गेलं होतं. गुरुवारी ‘फिरून आलो’ गेलं होतं.

म्हणजे ती उत्तरं मशीनचीच असतील असं नाही. तीच लिहीत असेल. चार दिवस आपण पोटच्या पोरीवर मनातल्या मनात आळ घेतला, आणि कळलं तर काहीच नाही. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माझंच आहे हे,” ते म्हणाले.

“काय तुमचं?”

“सतरा नंबर. वहीत खोटं लिहिलं मी.”

मॅडमनी वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मागच्या दोघांना त्यांनी बाहेर थांबायची खूण केली.

“नव्या जागी न्यायचंय का? एकाची सोय होईल. मी काही विचारणार नाही.”

काकांना मोह झाला. नेलं, तर उद्या ‘झाडांना पाणी घातलं’ जाईल, ‘बरं बाबा’ येईल, आणि कोणाला कसला त्रास नाही.

“नको,” ते म्हणाले.

आधी त्यांनी राखणदाराला सांगितलं, सोड आता. मग सतरा बंद केलं. मग पुसलं. वहीत ‘माहीत नाही’वर काट मारून त्यांनी आपलं नाव लिहिलं.

शनिवारी ते पुन्हा सातला फोन घेऊन बसले. नुसतं गप्प राहिलं असतं तरी आठपर्यंत निकाल लागला असता, तिकडे माणूस आहे की मशीन. पण पोरीला अशी बंद-चालू करून बघणं त्यांच्याने आता होईना. काय लिहावं तेही सुचेना. तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. गॅस बंद करून, ओटा पुसून, हात पुसून त्यांनी एका बोटाने लिहिलं: ‘दूध उतू गेलं. गुडघ्यामुळे वर्षभर फिरायला गेलो नाही. तुझी आई असती तर ओरडली असती.’ आणि पाठवलं.

आठ वाजले. ‘बरं बाबा’ आलं नाही. सव्वाआठ झाले. आठ वीसला फोन वाजला.

“बाबा.”

“अगं, काही झालं नाही. नुसतं दूध...”

“वाचलं मी,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “शनिवारी झाडांना पाणी असतं.”

काकांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. खिडकीतल्या कुंड्या चार वर्षं रिकाम्या होत्या.

“तुला माहीत होतं?”

“रात्री ऑपरेशन झालं, त्या गुरुवारी सकाळी कळलं. तुम्ही अजून भुलीत होतात. मी उशाशी बसले होते, आणि मेसेज आला, फिरून आलो.”

काकांना आठवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चाचपडत फोन घेतला होता, आणि त्यावर त्या दिवशीचंही उत्तर होतं.

“आता गुडघ्याचं सांगा,” मुलगी म्हणाली. “पहिल्यापासून.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.