सब्जाच्या वाफ्यातले पाच दगड

मी एक जुनी खुरपी आहे. माझी मूठ दोनदा बदलली, पातं कितीदा भट्टीत घालून ठोकून घेतलं याची गणती नाही. त्यामुळे मित्रांनो, मी थोडंच बोलेन. दमलेय.

अक्कलकोटच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं. चन्नम्माच्या हातात मी तीस वर्षं तुरीतलं तण काढलं. मग तिचा मुलगा सोलापुरात नोकरीला लागला आणि आम्ही दोघी त्याच्यामागे आलो. इथे पाहावं तिकडे फरशी. मी पलंगाखाली गंजत पडले.

चन्नम्मानं गच्चीवर पिंपात काकडी लावली. फुलं भरपूर, फळ एकही धरेना. "मधमाशीच न्हाय हितं, मग काकडी कशी लागंल?" असं म्हणत तिनं मला बाहेर काढलं.

कॉलनीच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेला राडारोड्यानं भरलेली पट्टी होती. दोन महिने आम्ही ती उकरली. सब्जा, रानतुळस, झेंडू, बडीशेप लावली. मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली, गच्चीवर काकड्या लोंबू लागल्या. सगळे चन्नम्माचं कौतुक करत. माझं कोण करणार म्हणा!

मग कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून सफाईचा मुकादम ईश्वरप्पा माणसं घेऊन आला. "आज्जी, वरनं हुकूम हाय. रस्त्याकडंचं समदं तण काढायचं."

"तण न्हाय बाबा, मधमाश्यांचं खाणं हाय ते."

"मी काय करू? उद्या सकाळी येतो."

येळ अमावस्येला आमच्याकडे शेतात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात. मुकादम येऊन गेला त्याच संध्याकाळी चन्नम्मानं सब्जाच्या मधोमध तसेच पाच दगड मांडले. सकाळी ईश्वरप्पानं चपला काढल्या, हात जोडले आणि माणसांसकट परत गेला. आम्ही खूप हसलो.

पण देव आला की हार आलाच. लोक पट्टीतलीच फुलं खुडून त्या दगडांवर वाहू लागले. आठ दिवसांत एक फूल उरलं नाही. मधमाश्या यायच्या, घिरट्या घालून उपाशी जायच्या. त्यात कॉलनीतल्या कुणीतरी ठरवलं, देवापुढे चिखल नको, सगळीकडे फरशी बसवू. ते ऐकून चन्नम्मा रडली. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं माझ्याच पात्यानं ते दगड उकरले. शेजारची वैजयंती धावत आली. "आज्जी, देव उचलू नये!"

"मीच मांडला, मीच उचलते. चूक माझी हाय."

कॉलनीतल्या अर्ध्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. फरशीचा विषय मात्र मागे पडला. हळूहळू सब्जाला पुन्हा तुरे आले, आणि ईश्वरप्पाही आला. चन्नम्मा मला मांडीवर घेऊन वाफ्यात बसली.

"आता हितं देव न्हाय," ती म्हणाली. "मी हाय. काढ काय काढायचं ते."

त्यानं हातातलं फावडं खांद्यावर टाकलं. "आज जातो, आज्जी. पर पुढच्या पाहणीला मला यावंच लागंल की."

पुढची पाहणी कधी, ते कुणी सांगत नाही. म्हणून ती रोज उन्हात येऊन बसते. तिला सत्तरी लागली, गुडघे धड वाकत नाहीत, आणि मी तर बोटभर उरलेय. मित्रांनो, आम्ही दोघी किती दिवस पुरणार? फुलं झाडावर राहू द्या. आणि मुकादम येईल त्या दिवशी तिच्याशेजारी येऊन बसा. जागा आहे.