अँब्रोस टीहनचा सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे. बिनबाह्यांचा, जाड कॅनव्हासचा, छातीवर बंद आवळून घालायचा. मेलबर्नमध्ये नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांची वस्ती आहे, तिथल्या फुटबॉल संघासाठी मला शिवलं. आमच्या खेळात चेंडू हातात घेऊन पळता येतं आणि पळणाऱ्याला धरून पाडताही येतं. म्हणून शिवणाऱ्या बाईने मला मुद्दाम अंगाबरोबर घट्ट ठेवलं होतं. माझ्यावर कुणाच्याही बोटांची पकड बसत नसे. याचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू!

माझा मालक अँब्रोस टीहन. आठवडाभर तो चुन्याच्या हौदातून कातडी उपसायचा आणि शनिवारी आमच्या गोलच्या खांबांपुढे उभा राहायचा. शेवटचा बचाव त्याचा. गोल मारणाऱ्यांची नावं पेपरात येत. अडवणाऱ्याचं कोण छापतो? पण आमच्या वस्तीला तो ठाऊक होता. त्याने चेंडू झेलला की बायाबापड्या ओरडायच्या, "दार लागलं रे लागलं! आता जा मागच्या गल्लीने!" नऊ हंगाम तो असा खेळला. दोनदा नाक मोडलं, एक गुडघा कायमचा गेला. त्याचं रक्त माझ्यावरून नोरा, म्हणजे त्याची बायको, थंड पाण्याने धुवायची.

आमच्या मैदानावर गुणांचा फलक नव्हता. गुण कप्तानाने मोजायचे आणि मागच्यांना ओरडून सांगायचे, अशी रीत होती. कप्तान होता गस लॅन्यन, अँब्रोसच्याच हौदावरचा जोडीदार.

अंतिम सामना संपत आला होता. गस धावत मागे आला आणि ओरडला, "अँब, एका गुणाने पुढे आहोत! काय वाट्टेल ते कर, पण गोल होऊ देऊ नकोस!"

तेवढ्यात चेंडू आलाच. उंच खांबांमधून लाथेने गेला असता तर गोल, म्हणजे सहा गुण. बचाववाल्याने हात लावून आत ढकलला तर एकच. गर्दी एवढी होती की झेलणं शक्य नव्हतं. एक गुण गेला तर बरोबरी होईल, असा हिशेब करून अँब्रोसने चेंडू आपल्याच खांबांतून ढकलला. सामना संपल्याची घंटा झाली.

बरोबरी आधीच झालेली होती, मित्रांनो. गसची मोजणी एका गुणाने चुकली होती. आम्ही त्या एका गुणाने हरलो.

"हरायचे किती पैसे घेतलेस रे टीहन?" कुंपणापलीकडून पहिली आरोळी आली. मग सगळ्यांचीच. ज्यांनी नऊ वर्षं 'दार लागलं' म्हटलं, तेच थुंकत होते. ती थुंकी मी अंगावर घेतली. कपडे बदलायच्या खोलीत गस खाली मान घालून बुटाची नाडी सोडत बसला. ती नाडी काही केल्या सुटेना. संघाच्या समितीने त्याच आठवड्यात अँब्रोसला काढून टाकलं.

"अरे, सांगत का नाहीस?" नोरा चिडून म्हणाली. "त्या गसनेच चुकीचं सांगितलं ना?"

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, आता दुसऱ्यावर ढकलतोय. गसने सांगितलं तरच खरं ठरेल. सांगेल तो. भला माणूस आहे."

गस भला होता. पण तो भित्रा होता, आणि पुढे मोठाही झाला. मुकादम झाला, मग संघाचा अध्यक्ष. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला राहिलो. शनिवारी दुपारी मैदानाचा गलका छपरांवरून यायचा. अँब्रोस चहाचा पेला हातात धरून ऐकायचा आणि म्हणायचा, "गेला, गोल गेला." त्याचं कधी चुकलं नाही. एकवीस वर्षं त्याने असा गलका ऐकला आणि दाराकडे कान ठेवला. मग छातीच्या दुखण्याने तो गेला.

अंत्यविधीनंतर गस आला. टोपी हातात घेऊन रडला. "नोरा, चूक माझी होती गं."

"मला काय सांगतोस? ते मला एकवीस वर्षांपासून ठाऊक आहे," नोरा म्हणाली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं. "हा घे. आता जा नि त्यांना सांग."

त्याने सांगितलं, हेही मला सांगायलाच हवं. संघाच्या वार्षिक जेवणात, मटणाच्या ताटल्या उचलल्यावर, त्याने मला सगळ्यांसमोर धरलं आणि सगळं कबूल केलं. खोलीत तरुण खेळाडू होते. जुन्यांपैकी गसखेरीज कुणीच उरलं नव्हतं. पोरांनी आदराने टाळ्या वाजवल्या. मग एकाने शेजाऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "टीहन कोण रे?"

मित्रांनो, माझे बंद कुजलेत, मला कसर लागली आहे. मला जपा असं मी म्हणत नाही. पण कुणाचं खरं तुमच्यापाशी अडकून पडलं असेल, तर आजच उठा आणि त्याच्या दारी जा. तो अजून वाट बघत असेल.