पाटाच्या वरच्या टोकाला

उज्जूनं ताट सरकवलं. पायानं नव्हे, हातानंच, एवढं नशीब. ताटात मऊ खिचडी आणि बाजूला उकडलेली दोडकी. मालतीबाई समोर मांडी ठोकून बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या.

"दोन घास खाई ले ना वं माय."

"जिजी, मने नथी भावतुं."

शाळेत गुजराती, घरात अहिराणी, आणि रुसली की पुन्हा गुजराती, असा या नातीचा खाक्या. तिसरीतली पोर, नुकती काविळीतून उठलेली. हातातली बांगडी वर सारली तर कोपरापर्यंत जायची. शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर सुरतेच्या पर्वत पाटिया नाक्यावर जाऊन चायनीज हाणायचं, वर तिथलंच पाणी प्यायचं, आणि जिजीनं दिलेली भाकरी गायीला घालायची, हे सगळं डोळे पिवळे झाल्यावर उघडकीला आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहेरचं एकदम बंद. पण पोटात अन्न गेलंच पाहिजे. पोरगी अशीच वाळत राहिली तर पुन्हा दवाखान्यात घालून सलाइन लावावं लागेल.

मुलगा योगराज पलसाण्याला डाइंग मिलमध्ये, सून रंजना साड्यांच्या घडी-पॅकिंगला. दोघं सकाळी घराबाहेर पडत ते दिवेलागणीला परतत. मग पोरीच्या पोटाची जबाबदारी कोणाची? मालतीबाईंना कोणी बोललं नव्हतं, बोलायची कोणाची टाप नव्हती. पण ते सरकवलेलं ताट रोज त्यांच्या जिवाला लागे.

त्या संध्याकाळी रंजना चपला काढता काढताच म्हणाली, "आत्याबाई, मी काम सोडी देस. पोरगी अशीच राहिली तं..."

"काम सोडीसन काय करशी?" मालतीबाई कडाडल्या. "तिना समोर बशीसन तू बी रडशी, ती बी रडी. चूल मनी शे. खाऊ घालसू बी मीच."

मग त्या उज्जूकडे वळल्या. "बोल, काय खाशी?"

"नूडल्स."

"घरमा करी देसू."

उज्जू कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसणं नेमकं खवचट निघालं. "जिजी, तुले चायनीज येस?"

झालं! हा टोला वर्मी बसला. अमळनेरजवळच्या गावात शंभर पानांची पंगत उठवलेली बाई, आणि एवढीशी चिमुरडी विचारते, तुले येस का?

दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन मालतीबाई नाक्यावरच्या चायनीजच्या लारीसमोर, हातगाडीसमोर, जाऊन उभ्या राहिल्या. लारीवाला, लखन त्याचं नाव, मोठ्या कढईत काहीतरी उडवत होता. जाळ वर, कोबी वर, लखनचे हात त्याहून वर.

"मासी, प्लेट आपू?"

"नही रे भाऊ. माले फक्त देखनं शे."

अहिराणी कानावर पडताच लखनचा झारा थांबला. "जिजी, कोठली तू? मी दोंडाईचाना शे ना!"

मग काय विचारता! बाकी गिऱ्हाइकं राहिली बाजूला आणि लखननं गावच्या जिजीला साग्रसंगीत दाखवलं. आधी शेवया उकडायच्या, गार पाण्यात टाकायच्या, मग कढईत परतायच्या. काळं पाणी, लाल पाणी, पांढरी पूड. पांढरी पूड मालतीबाईंनी चिमटीत घेऊन हुंगली.

"हाई काय शे?"

"टेस्ट येस, जिजी."

"कांदा-लसूण घालीसन येस नही का टेस्ट?"

लखन हसला आणि त्यानं विषयच बदलला.

घरी येताना त्यांनी दुकानातून मशीनच्या शेवयांचा पुडा घेतला, कोबी घेतला, गाजर घेतलं. लाल-काळ्या पाण्याच्या जागी चिंचेचा कोळ आणि लसूण-मिरचीची चटणी. सगळं कसं मनाजोगं जमलं. पण उकळत्या पाण्यात शेवया टाकल्या मात्र, बघता बघता त्यांची खळ झाली. पोस्टर चिकटवावं अशी. त्यात आणखी एक घोळ. जन्मभराची सवय ती कुठे जाते? शेवया म्हटलं की गूळ! परतता परतता त्यांचा हात आपसूक डब्यात गेला आणि गुळाचा चांगला खडा कोबीवर पडला.

उज्जूनं एक बोट चाटलं. "जिजी, आ तो खीर छे."

"मिरचीनी खीर," योगराज म्हणाला, आणि आईचे डोळे बघून त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

ती खीर मालतीबाईंनी एकट्यांनी संपवली, रात्री आणि सकाळीसुद्धा. अन्न टाकायचं नाही आणि हार तर मानायचीच नाही. खाता खाता डोकं चालू होतं. शेवई विरघळली, कारण ती मैद्याची. बन्सी गव्हाचा रवा भिजवून, कुटून, हातावर वळलेली आणि कडक उन्हात वाळलेली शेवई असती तर उकळीत मोडली नसती. आणि तशी शेवई घरात होती.

माळ्यावर पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. कलाबाईच्या हातची.

कलाबाई म्हणजे मालतीबाईंची धाकटी जाऊ. दर उन्हाळ्यात दोघी मिळून घरभराच्या शेवया करत. खाटेवरून जमिनीपर्यंत लाकडी पाट उतरता लावायचा. वरच्या टोकाला बसायची कलाबाई. तिनं तळव्याखाली कणीक घासली की केसासारखी शेवई पाटावरून खाली यायची. खालच्या टोकाला मालतीबाई, हातावर अलगद झेलून ताटात वेढे घालायला. थोरली असूनही त्या जन्मभर खालीच बसल्या. वरचं काम त्यांना कधी आलंच नाही, आणि कलाबाई होती तोवर ते शिकायची गरजही पडली नाही. ताट भरलं की त्या विचारायच्या, "पुरे का वं?" आणि वरून ठरलेलं उत्तर यायचं, "आजून एक हात." त्या एका हातात मग आणखी दोन ताटं भरायची. नवरा गेल्यावर मालतीबाई सुरतेला मुलाकडे आल्या, तरी दर चैत्रात पाटासाठी म्हणून गावी जात.

मार्गशीर्षात कलाबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि उलथून पडली बाई. डब्यातल्या त्या शेवया शेवटच्या. येत्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, पितरांना पाणी-घास देतात तशी कलाबाईच्या नावानं पहिली घागर भरायची होती. तिच्या नावाच्या घासाला तिच्याच हातची शेवई, असं मालतीबाईंनी ठरवून ठेवलं होतं.

डबा खाली काढला तेव्हा रंजना घाबरली. "आत्याबाई, त्या काकूना घागरन्या शेतस ना?"

"कलाबाई काय भुकी बशेल शे? पोर भुकी शे मनी." असं म्हणून त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. गावाकडच्या उन्हाचा वास आला, आणि मालतीबाई तिथेच, डब्यापाशी, पदर डोळ्यांना लावून रडल्या. मग नाक पुसलं आणि आधण ठेवलं.

शेवई मोडली नाही. गार पाण्यातून काढली तरी एकेक तार सुटी. कोबी, गाजर, मटार, ठेचलेला लसूण, चिंचेचं पाणी. तेल बोटानं पुसल्यासारखं. गुळाच्या डब्याला त्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाठ केली. उज्जूनं हुंगलं, एक तार ओढली. मग दुसरी. मग ताट तोंडाशीच उचललं.

"लखनकाका करतां सारुं छे," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"लखनपेक्षा चांगलं, असं घरनी बोलीमा सांग," मालतीबाई म्हणाल्या, आणि पदराआड हसल्या.

मग त्यांना चेवच आला. रंजना मार्केटातून पोकळ नळ्या घेऊन आली, मॅकरोनी म्हणे, इटलीची. मालतीबाईंनी त्या मेथी घालून वरणात सोडल्या, आपण आमटीत बेसनाच्या डुबुकवड्या सोडतो तशा, आणि वर लिंबू पिळलं. उज्जूनं शाळेत पिझ्झ्याचं नाव ऐकलं, तर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर बिनतेलाचं वांग्याचं भरीत पसरून, वर कांदा-टोमॅटो पेरून तिला पिझ्झा मिळाला. तो पिझ्झा आहे की नाही हे सांगायला घरात कोणी इटलीवाला नव्हता. रंजनाच्या बरोबरच्या बायका रविवारी येऊन विचारू लागल्या, "मावशी, कामावरून आल्यावर झटपट होईल असं काय?" आणि मालतीबाई सांगू लागल्या. रंजनाचं काम टिकलं, उज्जूच्या गालावर मांस आलं, बांगडी मनगटावर राहू लागली.

एकच झालं. आठवड्याला दोनदा मूठ मूठ काढता काढता डब्याचा तळ दिसला. आखाजी तोंडावर आली तेव्हा लुगड्यात नुसता चुरा उरला होता.

"आई, दुकानमाथीन आणू ना पावशेर," योगराज म्हणाला. "काकू थोडीच देखाले येस."

"कलाबाईना नावनी मशीननी शेवई? मी जित्ती शे तोवर नही!"

"मग करी कोण?"

मालतीबाईंनी चुऱ्याचं लुगडं पुन्हा बांधलं. मग म्हणाल्या, "तू माले पाट आन."

पाट सुरतेत कुठून यायचा? योगराजनं मिलमधून कापड गुंडाळायची जुनी लांब फळी मागून आणली, पॉलिश पेपरनं घासघासून गुळगुळीत केली. रविवारी सकाळी गच्चीवर खाट चढली, खाटेला फळी उतरती लागली. रंजनानं रवा कुटून कुटून मऊ केला. सगळं तयार झालं आणि मालतीबाई सवयीनं जाऊन खालच्या टोकाला बसल्या.

वर कोणी नव्हतं.

थोडा वेळ त्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वर जाऊन बसल्या.

"उज्जू, खाले बस. हात पुढे धर."

पहिली शेवई निम्म्या फळीवर तुटली. दुसरीची गाठ झाली. तिसरी आली ती बोटाएवढी जाड. कलाबाईचा तळवा कसा फिरायचा, मनगट दाबायचं की सोडायचं, हे एवढ्या वर्षांत वर मान करून कधी बघितलंच नव्हतं. नजर सगळी खाली, आपल्या हातांवर. बघायला हवं होतं ना, असं फार वाटलं. त्यांनी हाताला तेल लावलं आणि पुन्हा कणीक घेतली. पुन्हा तुटली. पुन्हा घेतली. ऊन डोक्यावर आलं, खांदा भरून आला.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या आते," रंजना म्हणाली.

"ऱ्हाऊ कसं देऊ? तू रवा मळ."

आणि मग कधीतरी एक तार निघाली. जाड, वाकडीतिकडी, पण न तुटता फळीवरून थेट खाली गेली. उज्जूनं ती झेलली आणि ताटात तिचा एक वेढा घातला.

"जिजी, जाडी छे."

"जाड तं जाड. कलाबाई नाव ठेई लेई. तू हात काढू नको."

मग तारेमागून तार येत राहिली. वाकड्या शेवयांचे वेढे ताटात चढत गेले. उज्जूची बोटं कणकेनं माखली, कपाळावर पीठ लागलं. ताट काठोकाठ भरलं तशी तिनं मान वर केली.

"जिजी, पुरे का वं?"

मालतीबाईंचा हात पाटावर थांबला. हे शब्द पोरीला कोणी शिकवले नव्हते. भरलं ताट बघून कोणीही विचारेल, तसं तिनं विचारलं होतं. गच्चीवरच्या उन्हात डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. त्यांनी दंडानं डोळे पुसले आणि कणकेचा नवा गोळा तळव्याखाली घेतला.

"आजून एक हात," त्या म्हणाल्या.