दाराबाहेरच्या चपला

साहेब, चपला बाहेर काढा असं तुमच्या कुठल्या कागदावर लिहिलंय? अठरा वर्षं मी डहाणूच्या या ऑफिसात शिपाई आहे, मला तरी दिसलं नाही. पाड्यावरची माणसं तरीही दारात अनवाणी होतात, आणि तुम्ही त्या चपला ओलांडून बुटांसकट आत जाता.

मंगळवारी रानशेतचा सुदाम आला, लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी. त्यानं दारातच चपला काढल्या. त्याची लेक, नाव बारकी, बारावी झालेली, चपलांसकट आत आली आणि खुर्चीवर बसली.

"ए, चपला भायेर," मी म्हणालो.

"का, काका? साहेबांचे बूट तर आत हायेत."

रांगेत कुणीतरी हसलं. माझा हात वर गेला. मारलं नाही. पण उचलला, हे खरं.

तो हात माझ्या ओळखीचा होता. माझा बा, शुक्रा, झाईला चिकूच्या वाडीत मजुरी करायचा. सात वर्षांचा होतो, शेठच्या ओट्यावर चपलांसकट चढलो. "चपला भायेर," म्हणत बानं सगळ्यांदेखत कानफटात दिली. शेठ खूश. "शुक्रा, पोऱ्याला वळण लावला हां तू." त्यानं माझ्या हातात दोन चिकू ठेवले. मी खाल्ले. गोड लागले. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

इकडे सुदाम खाली बसला आणि लेकीच्या पायातल्या चपला स्वतःच्या हातानं काढायला लागला. "रागवू नका भाऊ, लहान हाय."

बारकी त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिनं बापाच्या हातातून चपला घेतल्या, परत पायात घातल्या आणि दाखला न घेताच निघाली. बाप अनवाणीच तिच्या मागे धावला.

तुम्ही केबिनमधून सगळं पाहिलंत. म्हणालात, "उमेश, तू आहेस म्हणून ऑफिसला वळण आहे."

मी मान लववली, साहेब. "हो साहेब," म्हणालो.

तिचा दाखला माझ्या खणात आहे, सुदामच्या चपला टेबलाखाली. दाखला कॉलेजात द्यायची शेवटची तारीख उद्या. दोन्ही घेऊन मी आता रानशेतला निघालोय. तिच्या घरात शिरताना चपला काढीन, तिथे कुणीही काढतो.

बा गेला, तेव्हा का मारलंस हे त्याला विचारायचं राहिलं. म्हणून आज पहिल्यांदा तुमच्या टेबलासमोर चपला घालून उभा आहे. पायांना घाम सुटलाय. ती पोरगी परत विचारणार, "का, काका?"

काय सांगू तिला? बोला.