विभूतीच्या रेघांची चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे आणि खरं सांगायचं तर नापास झालेली आहे. तळहातावर मावेन एवढी. सगळे मला काच म्हणतात, पण मी काच नव्हे. बारीक पांढरी भुकटी दाबून आणि प्रचंड तापलेल्या भट्टीत भाजून झालेलं मी सिरॅमिक. तुमच्या घरातली कपबशी माझ्याच कुळातली. फरक एवढाच, की तिच्यातून पलीकडचं दिसत नाही आणि माझ्यातून दिसायला हवं होतं. हवं होतं, असं म्हणताना माझी मान खाली जाते.

माझा जन्म सोलापुरातला. अक्कलकोट रोडला शिवकुमारअण्णांचा छोटा कारखाना आहे. चादरी आणि टॉवेल विणताना मागावरचा धागा ज्या गुळगुळीत पांढऱ्या कड्यांतून सरकतो, त्या कड्या इथं व्हायच्या. पण एकामागून एक माग बंद पडत गेले आणि कड्या पोत्यांत पडून राहू लागल्या. अण्णांची मुलगी महेश्वरी याच विषयातलं इंजिनिअरिंग शिकून घरी आली होती. तिनं वडिलांच्या मागं लकडा लावला.

“अप्पा, कड्यांचं आता काही खरं नाही. पारदर्शक सिरॅमिकचं मार्केट वाढणार आहे. अंधारात बघणारे कॅमेरे, लेझर, ड्रोन, दवाखान्यातली यंत्रं. ओरखडा न पडणारी, उष्णता सोसणारी खिडकी सगळ्यांना लागणार. मी सगळे अंदाज वाचलेत.”

“मार्केट वाढणार म्हणजे आपलं वाढणार असं थोडंच हाय?” अण्णा म्हणाले.

म्हणाले खरं, पण मुलीवर त्यांचा भारी जीव. त्यांनी कड्यांची यंत्रं हलवली आणि त्या जागी नवी भट्टी उभी केली. आता चकत्या जमल्या तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप लागणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

माझी भुकटी साच्यात दाबली संगप्पानं. संगप्पा वळसंगचा, अण्णांच्या उमेदीच्या काळापासून इथं कामाला. आमच्यासाठी प्लास्टिक लावून एक वेगळी स्वच्छ खोली केली होती. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे, असा थाट केल्याशिवाय आत जायचं नाही. कारण भुकटीत परका कण मिसळला, की भाजल्यावर उजेड तिथं अडखळतो आणि चकती धुरकट होते. अण्णांनासुद्धा महेश्वरी आत येऊ देत नसे. “माझ्याच कारखान्यात मला बंदी,” असं म्हणत ते बाहेर खुर्ची टाकून बसत.

आम्हाला भट्टीत ठेवायचं ते सोमवारी सकाळी ठरलं. त्या सकाळी महेश्वरी बाहेर फोनवर बोलत होती. तेवढ्यात तिची आई नीलम्मा ताट घेऊन आल्या. घरात नवी वस्तू आली, की तिला विभूती लावल्याशिवाय नीलम्मांच्या मनाला चैन पडत नाही. गाडी असो, माग असो, मुलीचं दप्तर असो. हळद-कुंकू आणि फुलं आत आणायची नाहीत, हे त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते पाळलंही. पण विभूती ही शुद्ध करणारी वस्तू, ती घाण कशी असेल? त्यांनी हातपाय धुतले, डोक्याला टोपीसुद्धा घातली. संगप्पानं ताट धरलं.

“सगळ्यांना नको लावायला,” नीलम्मा हळूच म्हणाल्या. “एकीला लावलं की सगळ्यांना पोचतं.”

ती एक म्हणजे मी. त्यांनी विभूतीच्या गट्टीवर, म्हणजे राखेच्या वडीवर बोटं घासली आणि माझ्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. हात इतका हलका होता, की मला लेकरासारखं वाटलं. मी अजून भाजलेली नव्हते, खडूसारखी कच्ची होते. पांढऱ्यावर पांढरं, ते कुणाला दिसणार? संगप्पानं आम्हाला ओळीनं भट्टीत ठेवलं आणि दार लावलं.

कॅमेरे बनवणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीचे मृत्युंजयसाहेब चकत्या बघायला येणार होते. वेळ इतका कमी, की मला ते येण्याच्या सकाळीच पॉलिश केलं. ट्यूबलाइटखाली मी बाकीच्यांसारखीच चकचकीत दिसत होते. साहेबांनी मात्र आम्हाला खिडकीपाशी नेलं, खाली वर्तमानपत्र ठेवलं आणि एकेक चकती तिरकी करून बघू लागले. माझ्या बहिणींखालची अक्षरं लख्ख वाचता आली. मग त्यांनी मला उचललं. माझ्याखालची अक्षरं धुक्यात उभी असल्यासारखी दिसत होती.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

मला तर भुकटी होऊन उडून जावंसं वाटलं.

“मार्केट वाढणार हे मलाही माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण ते स्वच्छ चकत्यांचं. एकाच घाण्यात एक अशी निघाली, तर उरलेल्यांवर मी विश्वास कसा ठेवू? कुणी काम केलं होतं हे?”

महेश्वरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं संगप्पाकडं पाहिलं.

“यांनी दाबल्यात. तंबाखूची सवय आहे ना, तोंडाचा हात लागला असेल. मी माणूस बदलते, सर.”

संगप्पानं डोक्यावरची टोपी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि तो बाहेर गेला. साहेब म्हणाले, माणूस बदला, नवा घाणा काढा, मग पुन्हा बघू. त्यांना चहा दिला गेला. मी तिथंच वर्तमानपत्रावर पडून होते. मित्रांनो, माझ्या डागापायी एका माणसाची चारचौघांत अब्रू गेली आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

माझी रवानगी स्क्रू आणि तुटक्या कड्यांच्या खोक्यात झाली. दिवाळीच्या साफसफाईत मी नीलम्मांच्या हाती लागले. “एवढी सुंदर वस्तू कचऱ्यात?” असं म्हणत त्यांनी मला घरी नेलं आणि देवघरात समईशेजारी उभं केलं. संगप्पा कुठं दिसत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी सांगितलं, की शेतात काम निघालंय म्हणून गावी गेलाय.

संध्याकाळी नीलम्मांनी समई लावली. ज्योतीचा उजेड माझ्यावर तिरका पडला आणि माझ्या पोटातलं धुकं उघडं पडलं. नुसतं धुकं नव्हतं ते. आडव्या तीन रेघा होत्या.

“महेश्वरी, हिकडं ये की,” नीलम्मांनी हाक मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. “ही माझी बोटं बघ. भट्टीत घालायच्या आधी विभूती लावली होती मी हिला. एवढ्या आगीतसुद्धा देवानं ती ठेवली.”

महेश्वरी दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि मग तिला कुणाच्याच नजरेला नजर देता येईना. स्वयंपाकघरात जाऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

“गप्प बस,” अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. “तिला कळलं तर ती अन्न गोड मानून खायची न्हाय. संगप्पाला मी समजावतो.”

पण दुसऱ्या दिवशी महेश्वरीनं मला रुमालात गुंडाळलं आणि ती वळसंगला गेली. संगप्पा अंगणात गेल्या सालच्या तुरीच्या काड्या बांधत होता. तिनं मला उन्हात धरून दाखवलं. त्यानं रेघा पाहिल्या, पण त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“ताट मीच धरलं हुतं की,” तो म्हणाला.

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“काय बोलू? पावण्यासमोर तुमच्या आईचं, अक्कांचं नाव घेऊ? आन विभूतीनं इगाडलं म्हणू?” त्यानं काड्यांची गाठ आवळली. “त्याचं न्हाय वो कायी. पर तंबाखू सोडून मला लई वर्सं झाली, ताई. तुमाला ठावं हाय. तरी बोललात.”

महेश्वरीला रडू आलं. तिनं तिथंच साहेबांना फोन लावला आणि संगप्पाच्या देखत सांगितलं, की यात त्याचा काही दोष नव्हता, घरच्या माणसाकडून झालं आणि मी खोटं बोलले.

“म्हणजे तुमच्या खोलीत कुणीही येतं,” साहेब म्हणाले. “हे तर जास्तच वाईट झालं. सध्या थांबू या.”

फोन बंद झाला. संगप्पानं सगळं ऐकलं होतं. “उद्या येतो,” तो म्हणाला. “पर अक्कांला ह्यातलं कायी सांगू नका.”

घरी आल्यावर महेश्वरीनं मला गुपचूप परत समईशेजारी ठेवलं. संगप्पा कामावर आला, पण गोष्ट लपून राहिली नाही. महेश्वरी पुन्हा चकत्या करायच्या म्हणून हट्टाला पेटली होती. नव्या घाण्याच्या दिवशी नीलम्मा ताट घेऊन स्वच्छ खोलीच्या दाराशी आल्या. अण्णा जमिनीकडं बघू लागले. संगप्पा उगाच साचा पुसत राहिला. शेवटी महेश्वरीनंच आईचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं, विभूतीचं, साहेबांसमोर ती जे बोलली त्याचं आणि अण्णांनी गप्प बसायला सांगितलं त्याचंही.

नीलम्मांनी ताट खाली ठेवलं. त्या रडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत.

“मला आधी सांगायचं होतंस. त्या साहेबांना मी स्वतः सांगितलं असतं, माझी चूक झाली म्हणून.” मग त्या अण्णांकडं वळल्या. “माझी लाज झाकायला तुमी त्याची काढलीत व्हय?”

नीलम्मांनी संगप्पासमोर हात जोडले, तेव्हा तो गडबडून मागं सरला आणि त्याच्या हातातला साचा खाली पडला.

त्याच दिवशी नीलम्मांनी मला देवघरातून आणून महेश्वरीच्या हातात दिलं. “ही देवापाशी नको. तुझ्या डोळ्यासमोर असू दे,” एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी स्वच्छ खोलीच्या खिडकीत उभी आहे. ऊन तिरकं झालं, की माझे डाग सगळ्यांना दिसतात. मार्केट वाढतंय, असं फोनवर बोललेलं रोज ऐकते. मृत्युंजयसाहेब अजून आलेले नाहीत.

मित्रांनो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. एखादी वस्तू बिघडली, तर ती का बिघडली ते जरूर शोधा, पण माणूस शोधायची घाई करू नका. माझ्या जागी नवी चकती दाबता येते, नवी भाजता येते. संगप्पा रोज वेळेवर येतो आणि मन लावून काम करतो. पूर्वी कारखान्यात पाय ठेवताच तो “काय म्हन्तीया माजी लेक?” अशी महेश्वरीला हाक मारायचा. आता तो तिला मॅडम म्हणतो.