फॉर्म भरायचा का नाही

शेफाली बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेली. पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा तिच्या बापानं, साहेबरावांनी, हात झटकले. सारोळ्याचं स्थळ सांगून आलेलं होतं. "तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा का लगीन उरकायचं, ते मी ठरवत न्हाई. देवीला कौल लावू." घरातलं सगळं देवीला विचारूनच चालायचं; विहीरसुद्धा तिच्याच शब्दावर खणलेली. शेफालीच्या आईला, पारूबाईला, नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

पण पोरगी यंदा तयार आहे, हे तिला आतून ठाऊक होतं. नापास झाल्यापासून सहा महिने शेफाली उत्रोलीहून भोरला माधुरीबाईंच्या शिकवणीला जात होती आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून आईलाच शिकवत होती.

"आये, इंग्रजीत मदतीची क्रियापदं पुढं चालतात. खरं काम करणारं सगळ्यांच्या मागं. विल, हॅव, बीन, वर्किंग. क्रम मोडायचा न्हाई."

"आन रूपं कशी बदलतात?"

"पुढचा मागच्याचं रूप ठरवतो. हॅवच्या मागं आला म्हणून बीचा बीन झाला. बीनच्या मागं आलं म्हणून वर्कला आयएनजी लागलं. विलच्या मागचा मात्र जसाच्या तसा, त्याला कोण हात लावत न्हाई."

"जावई असल जनू," पारूबाई म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या. मग शेफाली म्हणाली, "आधी मी वाक्यं पाठ करायची गं. आता मला ती करता येतात."

लेक पास व्हावी म्हणून पारूबाईनं अकरा मंगळवार धरले होते. निर्जळी राहून देवीला न्हाऊ घालायचं, तूप चोळायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. कौलाच्या मंगळवारीही तिनं तेच केलं. उजवा खांदा पुसून झाला, तेवढ्यात गेनू गुरवानं घाई केली. "आटपा वयनी, दाजी भाईर खोळंबल्यात."

त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर फॉर्म, डावी पडली तर लग्न. पारूबाईनं हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा डावी कळी पायाशी पडली होती आणि डावा खांदा तुपानं चकचकत होता.

"गेनूभावजी, तितं पुसायचं ऱ्हायलं माझ्याकडनं. पुन्यांदा लावा."

"येकदा इचारलेलं पुन्यांदा इचारत न्हाईत." गेनूनं कळ्या उचलल्या. "तुपानं घसरली म्हंता, म्हंजी देवी बोललीच न्हाई. मग इहिरीच्या टायमाला तरी बोलली हुती का? सांगा तसं दाजींना."

पारूबाई उंबऱ्यात आली. एवढी वर्षं ती दगडाला न्हाऊ घालत होती, असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं? साहेबरावांनी मान वर करून पाहिलं.

"डावी," ती म्हणाली.

घरी शेफाली पेन घेऊन फॉर्मवर वाकली होती. बापानं कौल सांगितला. तिनं आईकडं पाहिलं.

"आये, तू सोता पाह्यलंस?"

"पाह्यलं."

शेफालीनं पेनाला टोपण लावलं.

रविवारी सारोळ्याची माणसं आली. शेफाली चहा देत होती, तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं. "बारावी नापास," शेफाली म्हणाली. खणखणीत, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं. आत पारूबाई कपबश्या विसळत राहिली.